पेनड्राइव्हवरचा ब्राउझर आणि प्रवासातलं लिखाण

पेनड्राइव्हवर पोर्टेबल फायरफॉक्स, म्हणजे मशीनवर इन्स्टॉल न करता चालणारा ब्राउझर, ठेवून तो नेट कॅफेत वापरायचा सल्ला काहीजण देतात. सल्ला चांगला आहे, हिस्टरी आणि पासवर्ड त्या मशीनवर राहत नाहीत. पण तिथं कुणी कीलॉगर, म्हणजे टाइप केलेलं गुपचूप नोंदवणारा प्रोग्राम, टाकून ठेवला असेल, तर ब्राउझर कुठलाही असो, दाबलेली प्रत्येक की नोंदली जाते. ब्राउझरचा इन्कॉग्निटो, म्हणजे हिस्टरी न ठेवणारा मोडही इथं कामाला येत नाही. परभणी-नांदेडला परीक्षेचे फॉर्म भरायला कॅफेत जाणाऱ्या पोरांना म्हणूनच कळकळीनं सांगतो, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) सुरू कराच, आणि बँकेचं काम तिथं अजिबात करू नका.

तसं आपल्याकडं बहुतेकांचा कॉम्प्युटर म्हणजे मोबाइलच. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) चालत नाहीत, फायरफॉक्समध्ये चालतात. त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका. ते फुकट आहे आणि ‘डाउनलोड’चं खोटं बटण दाखवणाऱ्या बहुतेक जाहिराती त्यानं जातात. डेटाही वाचतो. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये फक्त एचटीटीपीएस (साइटशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक करणारी पद्धत) वापरायचा पर्याय आहे, तोही चालू करा. मात्र पत्त्याशेजारी एचटीटीपीएसचं कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणून साइट प्रामाणिक ठरत नाही. मधल्या वाटेत कुणाला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता प्रवासात ब्लॉग लिहिण्याबद्दल. लातूरहून अंबाजोगाईला एसटीत बसून लिहिताना रेंज मधेच गेली, तर ब्राउझरमधला मजकूर जाऊ शकतो. वर्डप्रेस या ब्लॉग लिहायच्या सेवेच्या ॲपमध्ये मसुदा फोनवरच राहतो, रेंज आल्यावर चढवता येतो. फोटोंसाठी कॅमेऱ्याचं लोकेशन टॅग (फोटो कुठं काढला याची नोंद) आधीच बंद ठेवा, नाहीतर घराचा नेमका पत्ता फोटोसोबत जाऊ शकतो.