शब्दचर्चा: ‘रस्त्याची रुंदी’ म्हणजे कुठून कुठपर्यंत?

आडवाट:
नव्या निवासी वसाहतींमधले रस्ते कसे आखावेत, याच्या मापदंडांची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. चाळीस पानं झाल्यावर मागे वळून वाचलं, तर एकच वाक्य तीन ठिकाणी तीन अर्थांनी लिहिलेलं निघालं: ‘रस्त्याची रुंदी १८ मीटर.’ एका पानावर तो समोरासमोरच्या भूखंडांच्या हद्दींमधला पट्टा आहे, दुसऱ्यावर गाड्या धावतात तेवढंच डांबर, आणि तिसऱ्यावर एका घराच्या भिंतीपासून समोरच्या घराच्या भिंतीपर्यंतचं अंतर. मूळ मजकुरात तिन्हींना वेगवेगळे शब्द आहेत, माझ्याकडे एकटा ‘रस्ता’.

यातल्या पहिल्यासाठी, म्हणजे राइट ऑफ वे साठी, कोशात ‘मार्गाधिकार’ मिळाला. पण ‘मार्गाधिकाराची रुंदी १८ मीटर’ लिहिताना हात थबकतो. अधिकार मीटरने कसा मोजायचा? शिवाय सेटबॅक (हद्दीपासून घरापर्यंत मोकळी सोडायची जागा), कलेक्टर स्ट्रीट (आतल्या रस्त्यांची रहदारी गोळा करून मोठ्या रस्त्याला देणारा), कल-द-सॅक (पुढे वाट नसलेला रस्ता) हे अडलेच आहेत. सबडिव्हिजनला, म्हणजे मोठ्या जमिनीचे भूखंड पाडण्याला, ‘उपविभाग’ केलं, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सरकारी कचेरी उभी राहते. काय करू?

ओळंबा:
शेवटचं आधी. सबडिव्हिजनला ‘पोटविभागणी’. पोटहिस्सा, पोटकलम, पोटभाडेकरू चालतात, तर जमिनीची पोटविभागणीही चालते, आणि मोजणीच्या कागदांत ती आहेच. मात्र तो क्रियेचा शब्द झाला. ती क्रिया होऊन जे तयार होतं, त्याला ‘वसाहत’ म्हणा. नकाशाला कागदावर ‘अभिन्यास’ म्हणतात, तोंडी सगळे ‘लेआउट’च म्हणतात. मी तरी पुस्तिकेत लेआउट ठेवला असता.

आता रुंदी. साइटवर आम्ही ‘हद्द ते हद्द’ म्हणतो आणि विषय संपतो. १८ मीटर हद्द ते हद्द असेल, तर आत काय काय बसतं बघा: मधे ६ मीटर डांबर, दोन्ही बाजूंना २-२ मीटर झाडांचा पट्टा, मग २-२ मीटर पदपथ, आणि उरलेले २-२ मीटर पाण्याच्या, विजेच्या, दूरसंचाराच्या वाहिन्यांना. म्हणजे ज्याला सगळे रस्ता म्हणतात, तो रस्त्याचा एक तृतीयांश. बाकीच्याला नावच नसल्यामुळे पुढे कधी रुंदीकरण निघालं, की पहिल्यांदा झाडं जातात. ‘रस्ता तर आधीच १८ मीटरचा मंजूर आहे’ म्हणायची सोय असते ना!

कानामात्रा:
आडवाट, ‘मार्गाधिकार’ चुकीचा नाही, तुम्ही तो चुकीच्या जागी बसवताय. इंग्रजीतल्या त्या शब्दाला तीन अर्थ आहेत. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क हा पहिला, त्याला आपल्याकडे ‘वहिवाट’ हा मुरलेला शब्द आहे. चौकात आधी कोणी जायचं हा दुसरा, तिथे ‘प्राधान्य’ पुरे. तिसरा तुमचा, रस्त्यासाठी राखलेला जमिनीचा पट्टा. या तिसऱ्याला हक्क म्हणायचं कारणच नाही. ‘रस्त्याचा पट्टा’ म्हणा, किंवा ओळंबा म्हणतात तशी ‘हद्दरुंदी’.

सेटबॅकसाठी नियमावल्यांमध्ये ‘सामासिक अंतर’ असतं. व्याकरण शिकलेले लोक ते वाचून द्वंद्व की तत्पुरुष असा विचार करत बसतात. पण हा समास तो नव्हे, हा वहीतला समास. डावीकडे रेघ मारून कोरी सोडायची ती जागा. प्लॉट हा कागद, घर हा मजकूर, भोवतीने सोडलेली मोकळी जागा हा समास. इतकी चपखल प्रतिमा परिभाषेत फार थोड्या वेळा सापडते, आणि नेमकी तिचीच वाट लागते, कारण निम्मे लोक तो शब्द ‘सामायिक अंतर’ असा वाचतात. सामायिक म्हणजे दोघांच्या मालकीचं. अर्थ पार उलटा! समासाची जागा पूर्णपणे त्या घराच्या मालकाची असते, फक्त त्याने तिथे बांधायचं नसतं. पुस्तिकेत हा शब्द पहिल्यांदा येईल, तिथे कंसात ‘वहीच्या समासासारखी सोडलेली जागा’ एवढं लिहाच.

आडवाट:
मी स्वतः दोन ठिकाणी सामायिक लिहिलं होतं! आत्ता शोधून बदललं.

तिठा:
तिन्ही रुंद्यांना वेगळी नावं हवीत हे म्हणणं नुसतं भाषाशुद्धीचं नाही. या विषयाचा अर्धा इतिहास त्या तीन आकड्यांच्या भांडणाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या उपविधींनी नव्या रस्त्यांना मोठी किमान रुंदी घालून दिली. हेतू हवा-उजेडाचा होता, गर्दीच्या अंधाऱ्या बोळांवरचा तो उपाय. पण नियम रस्त्याच्या रुंदीचा, म्हणून बांधणाऱ्यांनी सरळसोट रुंद रस्ते ओढले आणि घरं त्यांना चिकटवून उभी केली. लंडनजवळ हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब आखताना रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर यांना हे नको होतं. त्यासाठी १९०६ साली संसदेकडून खास कायदा करून घ्यावा लागला. सार त्याचं असं: आरपार रहदारी नसलेल्या छोट्या रस्त्याची गाडीवाट २० फूटही चालेल, पण समोरासमोरच्या घरांत ५० फुटांचं अंतर हवं. म्हणजे हवा-उजेड मोजायचा तो भिंत ते भिंत, आणि गाड्यांची सोय मोजायची ती डांबरावर. आधीच्या नियमांनी या दोन गोष्टी एका शब्दात कोंबल्या होत्या. मराठीत आज आपण तेच करतोय.

अमेरिकेत हेलकावा उलट दिशेला गेला. वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने १९६५ मध्ये निवासी रस्त्यांसाठी शिफारस केली, त्यात अगदी आतल्या रस्त्यालाही ६० फूट हद्दरुंदी आणि ३२ ते ३४ फूट डांबर होतं. त्यावर दोन्ही कडांना गाड्या उभ्या राहूनही मधून दोन निघून जातात. घरापुढचा रस्ता एवढा रुंद आणि मोकळा असला की पाय ॲक्सिलरेटरवर आपोआप दाबला जातो, मग वेगमर्यादेची पाटी काहीही सांगो. पुढे पोर्टलंड शहराने १९९१ मध्ये मुद्दाम उलटं केलं: नव्या निवासी रस्त्यांना, एका बाजूला गाड्या उभ्या राहणार असतील तर २० फूट, दोन्ही बाजूंना असतील तर २६. ब्रिटनमधली २००७ सालची रस्त्यांची मार्गदर्शिका तर ४.१ मीटरमध्ये दोन मोटारी शेजारून जातात, ४.८ मध्ये मोटार आणि मालट्रक, आणि ५.५ मध्ये दोन मालट्रक, असं चित्र काढून दाखवते.

ओळंबा:
चित्रात अग्निशमनाची गाडीही हवी. अरुंद रस्त्यांवर सगळ्यात मोठी हरकत तिथूनच येते, आणि ती पोकळ नाही. अमेरिकेतली आदर्श अग्निसंहिता २० फूट अडथळ्याविना रुंदी मागते. आता पोर्टलंडचे २० फूट आणि हे २० फूट एकच आहेत का? एका कडेला गाडी उभी केली, की मोकळे १२-१३ फूटच उरतात. म्हणजे चौथी रुंदी आली: ‘मोकळी रुंदी’. आडवाट, यादीत घाला.

आडवाट:
घातली. हद्दरुंदी, गाडीवाट, भिंत-ते-भिंत अंतर, मोकळी रुंदी. तिठा यांनी जाता जाता वापरलेला ‘गाडीवाट’ मी उचलला आहे, ‘वाहनमार्ग’पेक्षा जिभेला बरा वाटतो.

आता कल-द-सॅक. ‘बंद गल्ली’ चालेल?

कानामात्रा:
फ्रेंच शब्दाचा अर्थ पिशवीचा तळ. (तळासाठी त्यांनी योजलेला शब्द चारचौघांत म्हणण्यासारखा नाही, म्हणूनच की काय, खुद्द फ्रान्समधल्या पाट्यांवर बहुधा ‘आंपास’ असतं.) ‘बंद गल्ली’ ऐकून वाटतं की रस्ता खोदून ठेवलाय. ‘आंधळी गल्ली’ सुंदर आहे, पण तिच्यात फसल्याची भावना आहे, आणि हे तर मुद्दाम आखलेलं टोक, तिथलं घर जास्त भावाने विकलं जातं. मला ‘बोळ’ घ्यावासा वाटतो.

ओळंबा:
बोळात गाडी वळत नाही हो! आणि मापदंडात दोन टोकं वेगळी आहेत. पुढच्या टप्प्यात रस्ता वाढवायचा म्हणून तात्पुरता थांबवलेला, ते ‘अर्धवट टोक’. आणि कायमचं, शेवटी गाडी फिरवायला गोल जागा असलेलं. वर म्हटलेल्या संहितेत १५० फुटांहून लांब बंद रस्त्याला गाडी फिरवायची सोय सक्तीची आहे, आणि ती गोल केली तर व्यास ९६ फूट धरलाय. जवळपास २९ मीटर! एवढं डांबर चार-पाच घरांसाठी. त्या वर्तुळाला ‘वळणगोल’ म्हणतो मी, आणि रस्त्याला ‘टोकाचा रस्ता’.

तिठा:
न्यू जर्सीतल्या रॅडबर्नमध्ये, १९२९ साली, क्लॅरन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी असे टोकाचे रस्ते मोठ्या प्रमाणावर वापरले, तेव्हा घराचं तोंड रस्त्याकडे नव्हतंच. ते मागच्या हिरव्या पायवाटेकडे होतं, गाडी मागल्या दाराने यायची. नंतरच्यांनी गाडीचं टोक घेतलं आणि पायवाट टाकून दिली. त्यामुळे पाठीला पाठ लावून असलेल्या दोन घरांत चालत जायला किलोमीटरभर वळसा पडतो. म्हणून नव्या मापदंडांत ‘फक्त वाहनांना बंद’ असा प्रकार वेगळा काढतात, टोकापासून पलीकडच्या रस्त्याला पायी आणि सायकलने जाता येतं. याला तरी कृपा करून ‘बंद’ म्हणू नका. व्हर्जिनिया राज्याने तर २००९ मध्ये नियमच केला, की नव्या वसाहतीचे रस्ते शेजारच्यांना पुरेसे जोडलेले नसतील, तर राज्य ते देखभालीला घेणार नाही.

आडवाट:
‘वाहनबंद टोक’ आणि ‘टोकाचा रस्ता’. ठीक. कलेक्टर स्ट्रीटला मी ‘संकलक रस्ता’ लिहिलंय आणि आर्टेरियलला, म्हणजे शहरातल्या मोठ्या रहदारीच्या रस्त्याला, ‘धमनी मार्ग’.

कानामात्रा:
संकलक वाचून कोणीतरी कविता गोळा करतंय असं वाटतं. ओहोळ, ओढा, नदी अशी उतरंड मराठीत तयार आहे, ती का नको? घरापुढचा ओहोळरस्ता, तो मिळतो ओढ्याला…

ओळंबा:
कारण पाणी एकाच दिशेने जातं. गाड्या संध्याकाळी परत येतात.

तिठा:
धमनीलाही तोच दोष आहे, रक्त परतताना शिरेतून येतं. पण माझी हरकत वेगळी. नदी म्हणा, धमनी म्हणा, की खोड-फांदी-डहाळी म्हणा, तिन्ही प्रतिमा झाडासारख्या आहेत. प्रत्येक घराला बाहेर पडायची एकच वाट. ओढ्यापाशी एक टँकर आडवा झाला की वरचे सगळे ओहोळ तुंबले. वसाहत जाळीसारखी आखायची असेल, तर उतरंडीचे शब्द आधीच निकाल देऊन बसतात. ‘मुख्य’, ‘जोडरस्ता’, ‘आतला’ इतकं साधं ठेवा.

कानामात्रा:
ओढा मागे घेतो, नाराजीने.

पण ‘आतला रस्ता’ऐवजी ‘आळी’ घ्या असं सुचवतो. रस्ता हा शब्द फारसीतून आलेला, मुळात ‘रास्त’, म्हणजे सरळ. इंग्रजी रोडच्या मुळाशी घोड्यावरून जाणं, स्ट्रीटच्या मुळाशी लॅटिनमधली फरसबंदी. आळी मात्र संस्कृत ‘आलि’, म्हणजे रांग, आणि ती रांग घरांची! ‘आळीत राहतो’ म्हणतात, ‘रस्त्यावर राहतो’ म्हटलं तर वेगळाच अर्थ होतो. ज्या जागेत दोन्ही बाजूंची घरं, समास, झाडं, पदपथ आणि मधलं डांबर सगळं एकत्र धरायचं आहे, तिला दुसरा शब्द नाही.

ओळंबा:
नकाशावर ‘आळी क्रमांक ४’? हसतील.

तिठा:
हसू देत की. डच लोकांनी हेच केलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी डेल्फ्टमध्ये कर्ब (पदपथाची उंच कड) काढून टाकून, कुंड्या आणि बाकं रस्त्यातच मांडून, गाडीला चालणाऱ्याच्या वेगाने यायला लावलं, आणि १९७६ मध्ये त्याला कायद्यात स्थान दिलं. नाव ठेवलं ‘वोनर्फ’. वोनन म्हणजे राहणं, अर्फ म्हणजे घराभोवतीचं आवार. त्या नावात रस्ता कुठेच नाही. मराठीत त्याला ‘अंगणरस्ता’ म्हणण्यापेक्षा ‘अंगणआळी’ म्हणेन.

आडवाट:
वोनर्फच्या प्रकरणापुरतं ‘अंगणआळी’ घेते. बाकी ठिकाणी ‘आतला रस्ता’. पुस्तिका छापणारे आळीला तयार होतील असं वाटत नाही, पण प्रस्तावनेत कानामात्रांची रांग टाकणार.

एक शेवटचं. मूळ मजकुरात सक्तीचं आणि शिफारशीचं क्रियापद वेगळं आहे. मी दोन्हीकडे ‘असावी’ लिहिलंय. ‘गाडीवाट ५.५ मीटर असावी.’

ओळंबा:
अरे बापरे! ‘असावी’ला ठेकेदार शुभेच्छा समजतो.

कानामात्रा:
कायद्याच्या मराठीत सक्तीला भविष्यकाळ असतो. ‘५.५ मीटरपेक्षा कमी असणार नाही.’ शिफारशीला ‘असावी’. आणि मुभा असेल तिथे ‘ठेवता येईल’. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हे तिन्ही एकदा सांगून टाका.

आडवाट:
मोजले. एकशे बारा ‘असावी’ आहेत. आज रात्री प्रत्येकीपाशी थांबून विचारावं लागणार, बाई गं, तू नक्की कोण?

ओळंबा:
पदपथाच्या प्रकरणापासून सुरुवात करा. तिथल्या सगळ्या सक्तीच्या निघतील.

तिठा:
मी उलट सांगेन. तिथल्याच सगळ्या शिफारशी निघतात.