डेलियाचे कंद हिवाळ्यात जमिनीतच ठेवावेत का?

प्रश्न:
आम्ही न्यू जर्सीत, अमेरिकी कृषी खात्याच्या थंडीच्या नकाशातल्या 7अ विभागात राहतो. गेल्या हिवाळ्यात डेलियाचे कंद पाचोळ्याचा जाड थर घालून जमिनीतच ठेवले होते. एप्रिलमध्ये माती उकरली तेव्हा हाती केवळ काळपट लगदा आला. पुण्यात निशिगंधाचे कंद वर्षानुवर्षे एकाच वाफ्यात असत, त्यामुळे दरवर्षी कंद काढून ठेवायची सवय मला नाही. कंद थंडीने गेले की ओलीने? यंदा अळू आणि निशिगंधही लावले आहेत. हे सर्व केव्हा काढावे व कसे साठवावे?

उत्तर 1:
बहुधा दोन्हींनी. डेलिया मूळची मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली असून तिथला हिवाळा कोरडा असतो. कंदात पाणी भरपूर असल्यामुळे ते गोठले की पेशी फाटतात आणि वितळल्यावर लगदाच उरतो. 7अ म्हणजे हवेचे सरासरी वार्षिक किमान तापमान उणे 18 ते उणे 15 अंश सेल्सिअस. माती तितकी गार होत नाही, पण चिकण मातीत पाणी साचले तर पाचोळ्याचा उपयोग होत नाही.

दव गोठून पाने काळी पडली की खोड वीतभर ठेवून छाटावे आणि आठवडाभराने, बुंध्यापासून फूटभर अंतरावरून, कंद उचलावेत. बटाट्याला सर्वांगावर डोळे असतात. डेलियाचा डोळा मात्र खोडाच्या बुडाशीच असतो, म्हणून मान मोडलेला कंद कितीही टपोरा असला तरी त्याला कोंब येत नाही. कंद सावलीत सुकवून, किंचित दमट लाकडी भुशात, 4 ते 10 अंशांत ठेवावेत.

उत्तर 2:
एक पुरवणी. अळू आणि निशिगंध त्याच खोक्यात ठेवू नयेत, कारण डेलियाला मानवणारा गारवा त्यांना बाधतो. ते घरातल्या उबदार, कोरड्या कपाटात ठेवावेत. डेलिया मात्र तळघरातल्या, घर तापवणाऱ्या भट्टीपासून दूर ठेवावी. माझे कंद एका वर्षी तिथे खारकांसारखे सुकले होते. महिन्यातून एकदा तपासून सुरकुतलेल्यांवर थोडे पाणी शिंपडावे आणि मऊ पडलेले काढून टाकावेत.

उत्तर 3:
मीही 7अ मध्येच आहे. घराच्या दक्षिण भिंतीलगत, उंच वाफ्यात ठेवलेले माझे कंद दोन हिवाळे तगले आणि तिसऱ्यात गेले. आवडत्या जातीचे निम्मे कंद तरी काढून ठेवावेत.