रोलर-कॉम्पॅक्टेड काँक्रीट: कोअर सांध्यावरच का तुटतो?

प्रश्न: धरणाचं काम, रोलरने दाबून बसवायचं कोरडसर काँक्रीट, ३०० मिमीचे थर, १० टनी व्हायब्रेटरी रोलर. कोअर (तपासणीसाठी छेद घेऊन काढलेला काँक्रीटचा दंडगोल) नेमका दोन थरांच्या सांध्यावर तुटतो. सिमेंट वाढवू का?

उत्तर १: सिमेंटला हात लावू नका, आधी वेळ मोजा. खालचा थर सेट होण्याआधी वरचा दाबून झाला पाहिजे. उशीर झालाच तर पृष्ठभाग जोराच्या पाण्याने साफ करा, साचलेलं पाणी काढा, १०-१५ मिमी बेडिंग मॉर्टर (दोन थर जोडणारं सिमेंट-वाळूचं मिश्रण) पसरा. मॉर्टर सुकायच्या आत काँक्रीट टाका. सुकलं तर उलट नुकसानच.

उत्तर २: शिवाय ओतलेल्या काँक्रीटच्या ढिगाच्या कडेने घरंगळलेली मोठी खडी थराच्या तळाशी पोकळ्या करते. ती फावड्याने उचलून ढिगावर परत टाका. रोलरखाली थर किंचित लवत नसेल, तर मिश्रण कोरडं आहे.