गोधडीसाठी मशीन: सुई ते खांब अंतर बघा

गोधडी शिवायला कुठलं मशीन घ्यावं, या प्रश्नावर इथे काहींनी साठ-सत्तर प्रकारचे टाके घालणारं मशीन आणि वॉकिंग फूट घ्यायचा सल्ला दिलाय. त्यातला मशीनचा सल्ला पटला नाही. गोधडीला सरळ टाका पुरतो, फार तर झिगझॅग. वॉकिंग फूट (वरचं कापडही पुढे ओढणारा, मशीनला वेगळा लावायचा पाय) हवाच, याला मात्र दुजोरा. मशीनचे सुईखालचे दाते फक्त खालचं कापड ओढतात, वरचं मागे राहतं आणि चुण्या पडतात. वॉकिंग फूट दोन्ही थर बरोबरच सरकवतो.

पण सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यातल्या जागेबद्दल कुणीच लिहिलं नाही. मोठ्या गोधडीची गुंडाळी तिथूनच जायची असते. छोट्या पोर्टेबल मशीनला ही जागा सहा-साडेसहा इंचच मिळते, म्हणून डबल बेडची गोधडी मधोमध शिवताना जीव जातो. दुकानात टेप घेऊन जा, मोजा. जुनं काळं पायमशीन घरात असेल तर विकू नका! त्याला जागा बरी असते, आणि डोक्यावरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल केला की जुन्या सुती साड्यांचे चार-पाच थर सहज जातात. सुई १६ नंबरची, टाका लांब, साधारण ३ मिमी. आणि थर आधी हाताने धावदोऱ्याने टाचून घ्या, टाचण्या गुंडाळीत टोचतात.