घाईचं जेवण, आणि आठवलेली पिठी (अनुभव लिहा)

खळ्यातलीजाई
काल ऑफिसातून घरी यायला साडेसात. कुडाळपासून पाऊस मागे लागलेला, घरात पाऊल टाकलं आणि लाईट गेली. मिक्सर बंद म्हणजे वाटप (नारळाचं वाटण) नाही, वाटप नाही म्हणजे सकाळी साफ करून ठेवलेले बांगडे तसेच. मोबाईलच्या उजेडात कपाट चाचपताना कुळथाच्या पिठाची बरणी हाताला लागली. झाकण उघडलं आणि वास आला तो थेट आजीच्या पडवीतला.

लहानपणी एकदा ओढ्याला पाणी आलं आणि शेवटची एसटी आमच्या वाडीतच अडकली. रात्री नऊला दारात सात माणसं, त्यातली पाच अनोळखी. आजीने कुणाला विचारलंसुद्धा नाही. चुलीवर एकीकडे भात, दुसरीकडे तेलात लसूण-मिरची-कांदा, त्यावर पाणी, दोन आमसुलं, आणि उकळी फुटली की पाण्यात कालवलेलं पीठ. भात शिजायच्या आत पिठी तयार होती. मला वाटायचं आजीचे हात भराभर चालतात. काल कळलं की कुळीथ भाजणं, भरडणं, साल पाखडणं, दळणं हे तिने मे महिन्यातच उरकलेलं असायचं. घाई तिने दोन महिने आधीच करून ठेवलेली.

मीही काल तेच केलं. वीस मिनिटांत जेवलो. नवरा म्हणाला, हे रोज का नाही करत? (त्याला नंतर उत्तर दिलं.)

तुमच्याकडे असं झटपट, पण पोटाला नीट असं काय करतात? लिहा.

तिरफळ
पिठी-भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. बस. आमच्याकडे पिठी असली की भात दोन वाडगे जास्त लागता. डोंबिवलीत असताना एकदा गॅसवर बांगडा भाजला तर चौथ्या मजल्यावरून सोसायटीचे सेक्रेटरी आले. तेव्हापासून ते दर रविवारी यायचे, ते वेगळं.

गुलाबी_कढी
मी रविवारी तीन नारळ खवते. अर्ध्याचं कांदा-खोबरं भाजून वाटप, अर्ध्याचं कच्चं वाटप धणे-मिरची-हळद घालून. बर्फाच्या ट्रेत भरून गोठवायचं, मग वड्या डब्यात. आमटीला दोन, माशाला चार. आठवडाभर कटकट नाही. फक्त मागच्या पावसात सलग दोन दिवस लाईट नव्हती तेव्हा सगळं आंबलं. मांजरीनेही हुंगून तोंड फिरवलं.

वेंगुर्लेकर_सून
@गुलाबी_कढी माझी स्टोरी ऐक. आमच्या सासूबाईंना वाटप ताजंच हवं, 'फ्रीजमधला म्हणजे शिळा'. मी पहाटे साडेपाचला उठून वाटायचे आणि मग सातची गाडी. शेवटी गुपचूप ट्रे भरायला लागले. सकाळी मिक्सर नुसता पाणी घालून फिरवायचे, आवाज यायला हवा ना! चार महिने चाललं. एक दिवस सरबत करताना त्या म्हणाल्या, "बर्फाचो ट्रे हळदीचो कसो झालो गो?" मी गप्प. मग हळूच म्हणाल्या, "माझ्यासाठी तिखट कमी घालून वायच दोन वड्ये वेगळे कर."

खळ्यातलीजाई
😂😂 पाणी घालून मिक्सर! हे भारी आहे

रेवसकर
खवायची मशीन कुणी वापरते का? विळीवर बसलं की गुडघे बोलतात.

तिरफळ
हँडलवाली घ्या, ओट्याला चिकटते ती. पण ओटा कोरडा करून चिकटवा, नायतर नारळ एकीकडे, मशीन दुसरीकडे, तुम्ही तिसरीकडे.

दिवेआगरची
लाईटवरून आठवलं. निसर्ग वादळ, 3 जून 2020. आमच्याकडे वीज यायला आठवडे गेले. नारळी-पोफळी आडव्या, मिक्सर शोभेला. मागच्या पडवीत पालथा पडलेला पाटा चौघांनी उचलून आणला, खालून विंचू निघाला. पहिले दोन दिवस मऊभात, मेतकूट, तूप आणि भाजलेला पापड, दुसरं काहीच नाही. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. अजून ताप आला की तेच मागते, आणि सोबत "आई, वादळ गेलं का?" असं चिडवते. मेतकुटात डाळी, तांदूळ, गहू सगळं भाजून दळलेलं असतं, त्यामुळे भाताबरोबर पोट नीट भरतं. पण तेव्हा तो विचार कुणी केला होता? डबा हाताशी होता इतकंच.

आठळी_खाणारा
आम्ही उकड्या तांदळाची पेज. सकाळी कुकर लावला की दहाला पेज, दुपारी तोच भात. गडी माणसं पेज पिऊन दिवसभर राबायची ते उगीच नाही. भात सालासकट भिजवून उकडतात म्हणून कोंड्यातलं ब जीवनसत्त्व दाण्यात मुरतं, कांडल्यावरही बरंच शिल्लक राहतं. सोबत कैरीचं लोणचं, नाहीतर फणसाची भाजी. आता घरातली पोरं पेजेला 'राईस सूप' म्हणतात. म्हणू देत, पितात ना.

नाचणीताई
मी अंगणवाडीशी संबंधित काम करते म्हणून थोडं जास्त लिहिते, चालवून घ्या. नाचणीत 100 ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम, तांदळात त्यामानाने नगण्य. मोड आणून, वाळवून, दळून ठेवली तर पचायलाही बरी. रात्री ताकात कालवून ठेवायची, सकाळी पाणी घालून शिजवली की दहा मिनिटांत आंबील. डाळीत, पिठल्यात मूठभर शेवग्याचा पाला टाकत जा, झाड तर दारातच असतं. जेवल्यावर लगेच चहा नको, अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. चहाऐवजी लिंबू पिळलेलं काहीतरी घ्या.

हे सगळं लोकांना सांगते आणि माझाच मुलगा नाचणीला शिवत नाही. लाडू केले ते इतके कडक झाले की त्याने कैऱ्या पाडायला वापरले. शेवटी घावनात तांदळाच्या पिठाबरोबर निम्मी नाचणी मिसळली आणि 'चॉकलेट घावन' म्हणून खपवली. गुळाचा रस दिला की चार खातो.

तिरफळ
कैरी पडली का पण?

नाचणीताई
दोन पडल्या 😄

एकटा_जीव_रत्नागिरी
ताई, जेवल्यावर चहा नको? मग जगायचं कशाला.
माझं : नोकरीनिमित्त एकटा, एकच बर्नर. कुकरमध्ये खाली डाळ, वर भात, सगळ्यात वर डब्यात रताळं किंवा अंडी. अंडी फुटतात कधीकधी. काळे वाटाणे रात्री भिजत घालायला विसरतो आणि सकाळी स्वतःला शिव्या देतो, दर बुधवारी.

वेंगुर्लेकर_सून
दुपारी जेवलास की तेव्हाच भिजत घाल. रात्री आठवण राहत नाही, दुपारी पोट भरलेलं असतं तेव्हा डोकं चालतं.

एकटा_जीव_रत्नागिरी
दुपारी मी ऑफिसात असतो हो वहिनी

दर्याची_लेक
आमचं कोळ्याचं घर. 1 जून ते 31 जुलै बोटी बंद, तेव्हा सुकं. जवळा निवडून, तव्यावर कोरडा भाजून, कच्चा कांदा, मिरची, ओलं खोबरं, आमसुलाचं पाणी. पाच मिनिटं. भाकरी असेल तर झालं. जवळा न धुता घेऊ नका, वाळू लागते दाताखाली. भाजून मग पटकन धुवायचा आणि परत तव्यावर, म्हणजे लगदा होत नाही. मांदेली-मोतके असले की काट्यासकट कुरकुरीत तळायचे, काट्यातलं कॅल्शियम पोटात जातं आणि साफ करायलाही वेळ लागत नाही. मोठा मासा म्हणजे मोठा कुटाणा. आई म्हणायची पाहुण्याला पापलेट, पोरांना तारली. तेव्हा राग यायचा. आता डॉक्टरच तारली-बांगडा खा म्हणून सांगतात.

रेवसकर
सोडे आहेत का यंदा तुमच्याकडे? मेसेज करते.

दर्याची_लेक
आहेत थोडे. पाऊस उघडू दे, दमट झालेत, ऊन दाखवते आणि कळवते.

मूळ_चिपळूण
सगळ्यांचं वाचून आत्ताच पिठी करायला घेतलीय. मुंबईत आहे, आईने दिलेलं कुळथाचं पीठ दोन वर्षं तसंच होतं. चार माणसांना किती घालायचं? मी दोन वाट्या थेट उकळत्या पाण्यात घातलं आणि त्याचे गोळे झालेत. ताबडतोब सांगा.

खळ्यातलीजाई
अगं दोन वाट्या?? पाऊण वाटी पुरते! आणि आधी गार पाण्यात कालवायचं ना. गॅस बंद कर, रवी घाल आणि घुसळ. दोन वर्षांचं पीठ आहे, आधी वास घेतलास का? कडवट नाही ना?

मूळ_चिपळूण
वास मस्त आहे. रवी नाही. व्हिस्क आहे.

तिरफळ
व्हिस्क चालता. पण पातेलं मोठं घे, आता वाडी जेवंल.