लिन फ्रेझियर : नांगरापासून गव्हर्नरपदापर्यंत आणि तिथून पुढे

प्रश्न

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याचे गव्हर्नर लिन फ्रेझियर यांचा उल्लेख बहुधा एकाच कारणासाठी होतो : मुदत संपण्यापूर्वी मतदारांनी मतदान करून पदावरून दूर केलेले ते त्या देशातील पहिले गव्हर्नर. (आपल्याकडील राज्यपालांची नेमणूक होते, तिथला गव्हर्नर निवडून येतो आणि प्रत्यक्ष कारभार करतो, म्हणून मी मूळ शब्दच ठेवला आहे.) १९१६ पर्यंत कोणतेही मोठे पद न भूषवलेला एक शेतकरी थेट राज्याच्या प्रमुखपदी कसा पोहोचला, आणि ज्या शेतकऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतले त्यांनीच पाच वर्षांत त्याला खाली का उतरवले, हे जाणकारांनी सांगावे.

पहिला प्रतिसाद

फ्रेझियर यांचा जन्म १८७४ मध्ये मिनेसोटात झाला. ते सहा-सात वर्षांचे असताना कुटुंब डकोटा प्रदेशात आले आणि पुढे हूपल गावाजवळची जमीन हेच त्यांचे घर झाले. ते अडाणी शेतकरी होते असे समजू नये. त्यांनी काही काळ शिक्षकी केली होती, ग्रँड फोर्क्स येथील राज्य विद्यापीठातून १९०१ मध्ये पदवी घेतली होती, आणि तिथल्या फुटबॉल संघाचे ते कर्णधारही होते. पदवीनंतर मात्र ते शेतीकडेच परतले.

त्यांच्या उदयाचे खरे कारण गव्हाच्या व्यापारात आहे. गहू पिकत होता नॉर्थ डकोटात, पण त्याची प्रत, घट आणि भाव ठरत होते शेजारच्या राज्यातील मिनीआपोलिसच्या बाजारात, जिथे गिरण्या, धान्याची कोठारे आणि रेल्वे यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले होते. हलक्या प्रतीचा म्हणून कमी भावात घेतलेल्या गव्हाचेही उत्तम पीठ निघते, हे राज्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्रमुख एडविन लॅड यांनी प्रयोगांनी दाखवल्यावर शेतकऱ्यांच्या जुन्या संशयाला आधार मिळाला. त्यात १९१५ मध्ये विधिमंडळाने राज्याच्या मालकीच्या धान्यकोठाराची मागणी फेटाळली. ‘घरी जा आणि डुकरांना खायला घाला’ असे एका आमदाराने शेतकऱ्यांना सुनावल्याची कथा तेव्हापासून चालत आली आहे. त्या आमदाराने ती नाकारली होती, पण तोवर ती घरोघरी पोहोचली होती.

त्याच वर्षी जवसाच्या शेतीत दिवाळे निघालेल्या आर्थर टाउनली यांनी नॉनपार्टिझन लीग ही शेतकऱ्यांची राजकीय संघटना स्थापन केली. तिचे कार्यकर्ते फोर्ड मोटारींतून शेतोशेती फिरत आणि रोख पैसे नसलेल्या शेतकऱ्याकडून पुढच्या तारखेचा धनादेशही वर्गणी म्हणून स्वीकारत. वेगळा पक्ष न काढता प्रबळ असलेल्या रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, आपले उमेदवार उभे करायचे, ही तिची युक्ती होती. लीगला पाटी कोरी असलेला, सुशिक्षित, पण खराखुरा शेतकरी हवा होता. फ्रेझियर त्यात नेमके बसले आणि १९१६ मध्ये जवळजवळ ऐंशी टक्के मते घेऊन निवडून आले.

दुसरा प्रतिसाद

वरील माहितीत कारभाराची बाजू जोडतो. पहिल्या दोन वर्षांत वरिष्ठ सभागृह लीगच्या हाती नसल्यामुळे मुख्य योजना अडल्या. १९१८ च्या निवडणुकीनंतर दोन्ही सभागृहे मिळाली आणि १९१९ मध्ये सरकारी बँक, सरकारी पीठगिरणी व कोठार, गारपीट विमा यांचे कायदे झपाट्याने झाले. या उद्योगांवर देखरेख करणाऱ्या औद्योगिक आयोगात गव्हर्नर, राज्याचे महाधिवक्ता आणि कृषी आयुक्त असे तिघेच होते, आणि पुढे सगळा राग याच तिघांवर निघाला.

बँक ऑफ नॉर्थ डकोटा २० लाख डॉलर भांडवलावर सुरू झाली, पण भांडवल उभारण्यासाठीचे रोखे विकले जाईनात, कारण मोठ्या शहरांतील वित्तसंस्थांना हा प्रयोगच मान्य नव्हता. १९२० मध्ये स्थानिक संस्थांना आपल्या ठेवी या बँकेतून काढण्याची मुभा मतदानाने मिळाली, आणि युद्धोत्तर मंदीत गव्हाचे भाव कोसळत असतानाच बँकेची तिजोरी आटू लागली.

प्रश्नकर्त्याचा उपप्रश्न

म्हणजे शेतकऱ्यांनी योजनाच नाकारल्या, असे म्हणावे का?

तिसरा प्रतिसाद

माझ्या मते नाही, आणि त्याचा पुरावा त्याच मतपत्रिकेत आहे. २८ ऑक्टोबर १९२१ रोजी पदच्युतीसाठी झालेल्या मतदानात फ्रेझियर सुमारे ४,१०० मतांनी विरोधी उमेदवार राग्नवाल्ड नेस्टोस यांच्याकडून हरले, त्यांचे आयोगातील दोन्ही सहकारीही गेले. पण बँक बंद करण्याचा प्रस्ताव त्याच मतदारांनी त्याच दिवशी फेटाळला. ग्रँड फोर्क्सची सरकारी गिरणी तर १९२२ मध्ये, त्यांच्या विरोधकाच्या कारकिर्दीत सुरू झाली. बँक आणि गिरणी दोन्ही आजही चालू आहेत. मतदारांना संस्था हव्या होत्या, त्या चालवणाऱ्यांवरचा विश्वास उडाला होता, असे मला वाटते. अर्थात मंदीचा फटका किती आणि व्यवस्थापनातील ढिलाईचा किती, हे तराजूत तोलून सांगणे कठीण आहे.

दुसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

हे मान्य आहे, पण ‘पाच वर्षांत खाली उतरवले’ इथे गोष्ट संपवू नये. हरल्यानंतर वर्षभरातच त्याच राज्याने त्यांना देशाच्या संसदेच्या सिनेट या वरिष्ठ सभागृहात पाठवले आणि ते १९२३ ते १९४१ असे तीन कार्यकाळ तिथे राहिले. विद्यापीठापासूनचे मित्र विल्यम लेम्की, जे महाधिवक्ता म्हणून त्यांच्याबरोबरच पदच्युत झाले होते, त्याच संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, प्रतिनिधिगृहात, पोहोचल्यावर दोघांनी मिळून १९३४ चा फ्रेझियर-लेम्की कायदा आणला, ज्याने कर्जबाजारी शेतकऱ्याला जप्तीपासून पाच वर्षांची उसंत देऊ केली. सर्वोच्च न्यायालयाने तो १९३५ मध्ये एकमताने रद्द केला. तेव्हा मुदत तीन वर्षांवर आणून नवा कायदा केला गेला आणि १९३७ मध्ये तो न्यायालयात टिकला. माझ्या दृष्टीने गव्हर्नरपदापेक्षाही हे त्यांचे मोठे काम होते, जरी नाव मात्र पदच्युतीमुळे राहिले.

१९४० च्या प्राथमिक निवडणुकीत त्यांना हरवणारे विल्यम लँगर हे १९१६ मध्ये लीगच्याच यादीतून महाधिवक्ता झाले होते, पुढे फुटले, १९२० मध्ये फ्रेझियर यांच्याविरुद्ध लढून हरले आणि स्वतः गव्हर्नर झाल्यावर १९३४ मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने पदावरून गेले होते. फ्रेझियर १९४७ मध्ये वारले. दुसरा गव्हर्नर अशा रीतीने मतदानाने हटण्यास २००३ साल उजाडावे लागले, आणि ते राज्य होते कॅलिफोर्निया.