१९५१चा कोपा रिओ : पाल्मेरासला जगज्जेते म्हणायचं का?

फ्री_किक
ब्राझीलच्या साओ पावलोतल्या पाल्मेरास या फुटबॉल क्लबाचे चाहते १९५१च्या कोपा रिओवरून (म्हणजे रिओ चषकावरून) स्वतःला पहिले जगज्जेते म्हणवतात. बाकीचे ब्राझिलियन त्यांना 'तुमच्याकडे मुंडियाल (जगज्जेतेपद) नाही' म्हणून डिवचतात. आमंत्रण देऊन बोलावलेल्या आठ क्लबांची स्पर्धा ती, तिला एवढं वजन द्यावं का? फिफाचं नक्की म्हणणं काय आहे?

डावा_बॅक
फिफाचं आधी उरकतो. २०१४ साली त्यांच्या कार्यकारी समितीने ही क्लबांची पहिली जागतिक स्पर्धा असल्याचं मान्य केलं. २०१७ मध्ये मात्र जगज्जेतेपदाचा शिक्का बसला तो १९६०पासूनच्या इंटरकॉन्टिनेंटल कप (युरोप विरुद्ध दक्षिण अमेरिकेचा क्लब विजेता) विजेत्यांवर. पाल्मेरास त्यात नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना भांडायला कागद आहे.

आमंत्रणाचा मुद्दा खराच आहे. इटलीचा त्या मोसमाचा विजेता मिलान होता, आली युव्हेंटस. इंग्लंडचा विजेता टॉटनहॅमही आला नाही. तरी जे आले ते काही लिंबूटिंबू नव्हते: ऑस्ट्रिया व्हिएन्ना, स्पोर्टिंग लिस्बन, रेड स्टार बेलग्रेड, नीस, उरुग्वेचा नासिओनाल आणि यजमान वास्को द गामा व पाल्मेरास. युरोपियन कपच मुळी १९५५ला सुरू झाला, तेव्हा रीतसर पात्रता फेरी आणायची कुठून?

माझ्या मते सगळे चुकीच्या सामन्यावर वाद घालतात. युव्हेंटसविरुद्धची फायनल राहू द्या, वास्कोविरुद्धची सेमीफायनल बघा. वर्षभरापूर्वी, १६ जुलै १९५०ला, विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेकडून २-१ हरलेला ब्राझीलचा संघ आठवा. त्यातले बार्बोझा, अदेमीर, दानिलो, फ्रियासा हे सगळे १९५१ला वास्कोत होते. त्या वास्कोने रिओच्या गटात स्पोर्टिंग आणि ऑस्ट्रिया दोघांनाही ५-१ असं धुतलं, वर नासिओनाललाही २-१ हरवलं. तिकडे साओ पावलोच्या गटात पाल्मेरासने शेवटच्या सामन्यात युव्हेंटसकडून चार गोल खाल्ले, एकही न करता! मोठ्या नावाचा गोली ओबेर्दान बसवला आणि फाबियोला उभं केलं. अशा अवस्थेत हा संघ माराकानावर, म्हणजे वास्कोच्याच शहरात, सेमीचे दोन्ही लेग (सामने) खेळला. पहिला २-१ जिंकला, त्यातच त्यांच्या अकिलेसचा पाय मोडला. दुसऱ्यात ०-० धरून ठेवलं. वास्कोला नव्वद मिनिटं कोरडं ठेवणं म्हणजे गंमत नाही हो.

कॉर्नर_फ्लॅग
@डावा_बॅक, सेमी मान्य. पण दोन ब्राझिलियन क्लबांच्या सामन्यावरून 'जगज्जेते' कसं ठरणार? युव्हेंटसला हरवलं हाच पुरावा ना?

डावा_बॅक
तोही आहेच की. फायनलचा पहिला लेग १-० जिंकला, रोड्रिगेसचा गोल. दुसऱ्या लेगला, २२ जुलैला, माराकानावर लाखभर लोक. समोर बोनिपेर्ती आणि युव्हेंटसचे ते डॅनिश खेळाडू. युव्हेंटस दोनदा पुढे गेली, पाल्मेरासने दोनदा बरोबरी केली, शेवटची लिमिन्याने. २-२, कप पाल्मेरासचा. संघात जाइर आणि जुवेनाल होते, दोघेही १९५०ची ती मॅच त्याच मैदानावर हरलेले. रिओच्या प्रेक्षकांनी साओ पावलोच्या क्लबासाठी घसा फोडला तो उगाच नाही. आणि गंमत म्हणजे हा क्लब मूळचा इटालियन स्थलांतरितांचा 'पालेस्ट्रा इटालिया'. महायुद्धामुळे १९४२ला नाव बदलावं लागलं. नऊ वर्षांनी त्यांनी हरवलं कोणाला, तर इटलीच्या क्लबाला.

फ्री_किक
मग थेट सांगा, जगज्जेते की नाही?

डावा_बॅक
माझ्यापुरते, हो. १९६०नंतर दोनच क्लब खेळून जगज्जेते ठरायचे, तेही फिफाने मान्य केलं. इथे निदान गट, सेमी, फायनल असं सगळं होतं, तीन आठवड्यांत सात सामने. पण यादीत घालायचं तर पुढच्या वर्षीच्या, १९५२च्या कोपा रिओच्या विजेत्या फ्लुमिनेन्सेलाही घाला. तेव्हा त्यांनी फायनलमध्ये कोरिंथियन्सला २-० आणि २-२ असं नमवलं होतं. पाल्मेरासवाले इथे हळूच विषय बदलतात.

कॉर्नर_फ्लॅग
१९५३ला काय झालं मग?

डावा_बॅक
कोपा रिओ हे नाव गेलं. त्याऐवजी रिवादाविया कोरेया मायर चषक म्हणून स्पर्धा भरवली. ती वास्कोने जिंकली.